समजा

नागपूरहून मानकापूर मागे टाकून छिंदवाड्याच्या रस्त्याला लागलं की कोराडी यायच्या आधीच तिथली धुरांडी दिसू लागतात. इथे जगदंबेचं देऊळ आहे, नवरात्रात जिथे पाय ठेवायला जागा नसते. तलाव आहे. आणि या सगळ्यावर सावली धरून उभं असलेलं औष्णिक वीज केंद्र आहे. त्याचा पहिला संच १९७४ साली सुरू झाला. जुने संच थकत गेले, बरेचसे बंद झाले, आणि गेल्या दशकात ६६० मेगावॉटचे तीन नवे संच त्यांच्या जोडीला आले. विदर्भातल्या माणसाला कोराडी म्हणजे एकतर देवी, नाहीतर वीज.

या प्रकरणाचा विषय आहे ख्रिस्ती माणसाने रचलेली कल्पित गोष्ट. जे जग कुणी पाहिलेलं नाही, जे घडलेलं नाही, त्याची गोष्ट. तिची सुरुवात मी वीज केंद्रापासून करतो आहे, कारण तिथे जळणाऱ्या कोळशात एक पान आहे.

कोळसा म्हणजे एकेकाळची दलदल आणि तिच्यात कुजत, दबत गेलेली झाडं. आपल्या भागातला कोळसा २५ कोटी वर्षांहून जुना. तेव्हा इथे साग नव्हता, पळस नव्हता, संत्र्याची बाग नव्हती. फूल येणारं झाडच पृथ्वीवर नव्हतं. होती ती ग्लोसॉप्टेरिस नावाची झाडं. हे नाव ग्रीक भाषेतून घडवलेलं आहे, आणि त्यात 'जीभ' हा शब्द आहे, कारण या झाडाचं पान जिभेच्या आकाराचं. कामठी-सिलेवाड्याच्या वाळूखडकांत ही पानं दगडावर उमटलेली सापडली. मधली शीर, तिच्यातून निघालेलं बारीक शिरांचं जाळं, सगळं जसंच्या तसं. कामठी काय किंवा सिलेवाडा काय, कोराडीहून फार लांब नाहीत.

हे दगड ज्याने जमवले तो एक मिशनरी होता. स्टीफन हिस्लॉप. नागपूरकर त्याला कॉलेजच्या नावाने ओळखतात. कॉलेज १८८३ मधलं, पण त्याची मुळं हिस्लॉपने १८४६ साली काढलेल्या शाळेत आहेत. तो स्कॉटलंडमधून १८४५ मध्ये इथे आला तेव्हा नागपुरावर भोसल्यांचं राज्य होतं. शुभवर्तमान सांगणं आणि शाळा चालवणं हे त्याचं काम. वाटेत घोड्यावरून उतरून दगड फोडणं हा त्याचा ध्यास. रॉबर्ट हंटर या सहकाऱ्याबरोबर त्याने नागपूर परिसराच्या भूगर्भावर आणि जीवाश्मांवर निबंध लिहिला, तो लंडनच्या भूवैज्ञानिक संस्थेने १८५५ मध्ये छापला. त्याने पाठवलेल्या वनस्पती-जीवाश्मांवर चार्ल्स बनबरी या अभ्यासकाने १८६१ मध्ये वेगळा लेख लिहिला. एका खनिजाला हिस्लॉपाइट असं नावही मिळालं.

पुढे, १९१२ साली, दक्षिण ध्रुवावरून परतताना कॅप्टन स्कॉट आणि त्याचे सोबती बर्फात मेले. मरणाच्या दारात असतानाही त्यांनी सुमारे १६ किलो दगड टाकून दिले नव्हते. त्या दगडांत ग्लोसॉप्टेरिसची पानं निघाली. आपल्या कामठीचं पान आणि ध्रुवाजवळचं पान एकाच कुळातलं. म्हणजे हे भूभाग कधीकाळी एकमेकांना जोडलेले होते, हे म्हणणाऱ्यांच्या हाती मोठा पुरावा आला. त्या जुन्या महाखंडाचं नाव गोंडवन. गोंडांचा प्रदेश. म्हणजे आपलाच.

आता हिस्लॉपची दुसरी गोष्ट, जी माझ्या मते दगडांइतकीच मोलाची आहे.

गोंडांच्या वस्त्यांत फिरताना त्याने लिंगोचं गीत उतरवून घेतलं. हे गीत परधानांनी, म्हणजे गोंडांच्या परंपरागत गायकांनी, पिढ्यानपिढ्या गाऊन जपलेलं. त्याने नोंदवलेल्या पाठात गोंड एका गुहेत कोंडले गेले आहेत आणि गुहेच्या तोंडावर शिळा आहे. लिंगो हा त्यांचा सोडवणारा. पण सुटकेच्या आधी, ज्या भावांसाठी तो राबला त्याच भावांनी त्याला खोट्या आरोपावरून ठार मारलं. त्याच्यावर अमृत शिंपडलं गेलं आणि तो उठला. उठून तो कोंडलेल्यांना सोडवायला निघाला.

ज्याचा सगळा धर्मच 'मारला गेला आणि पुन्हा उठला' या एका घटनेवर उभा आहे, त्या माणसाने सातपुड्याच्या पायथ्याशी बसून हे ऐकलं आणि शब्दन् शब्द लिहून घेतलं. गीताला त्याने खोटं म्हणून बाजूला सारलं नाही, की त्यातला आपल्याला सोयीचा भाग तेवढा उचलला नाही.

इथे एक गोष्ट स्पष्ट सांगायला हवी. गोंड समाजासाठी लिंगो ही कल्पित कथा नाही, श्रद्धा आहे. गोंदिया जिल्ह्यात सालेकसा तालुक्यातल्या कचारगडच्या गुहेपाशी माघ पौर्णिमेला आजही मोठी यात्रा भरते, आणि तिथे सांगितली जाणारी कथा हिस्लॉपच्या पाठाहून बरीच निराळी आहे. ज्यांची कथा, त्यांनाच ती सांगण्याचा पहिला अधिकार. हिस्लॉपचं मोल इतकंच की तो ऐकायला बसला.

४ सप्टेंबर १८६३ रोजी टाकळघाटजवळची प्राचीन शिळावर्तुळं पाहून परतताना पुराने फुगलेल्या नाल्यात तो बुडाला. घोडा तेवढा परत आला. त्याचे कागद मध्य प्रांताचे चीफ कमिशनर रिचर्ड टेंपल यांनी १८६६ मध्ये छापले, म्हणून लिंगोचं ते गीत आज आपल्याला वाचता येतं.

पान आणि गीत. एकाच माणसाच्या झोळीत दोन्ही. दगडावरचं पान पाहून २५ कोटी वर्षांपूर्वीची दलदल डोळ्यांपुढे उभी करायची तर मनाला एक विशिष्ट उडी मारावी लागते. गीत ऐकून गुहेतला अंधार उभा करायलाही तीच उडी लागते. मराठीत या उडीला फार साधा शब्द आहे: समजा. गणिताचे गुरुजी फळ्यावर त्रिकोण काढून म्हणतात, समजा, याचे दोन कोन समान आहेत. तिथे समजा म्हणजे धरून चाला. पण हाच शब्द आई मुलाला वेगळ्या अर्थाने वापरते: जरा समजून घे. धरून चालणं आणि कळून घेणं, दोन्हींना मराठीने एकच क्रियापद दिलं. कल्पित गोष्टीची याहून नेमकी व्याख्या मला कुठे सापडलेली नाही.

मी ख्रिस्ती घरात वाढलो. आमच्याकडे 'समजा'पेक्षा दुसऱ्या एका शब्दाला मान होता: साक्ष. प्रार्थनासभेत लोक उठून साक्ष देत. आजारातून कसा उठलो, दारू कशी सुटली, मुलीचं लग्न कसं पार पडलं. साक्षीत कल्पनेला जागा नसते, नसावीही. साक्ष खरीच असली पाहिजे. पण त्यातून नकळत असा एक समज मुरत गेला की खरं ते घडलेलं, आणि न घडलेलं ते सगळं खोटं. आणि खोटं तर देवाला नको. गोष्टीची पुस्तकं वाचणाऱ्या मुलांना 'त्यापेक्षा शास्त्र वाच' असं सांगितलं जायचं. ते सांगणाऱ्या वडीलधाऱ्यांचं प्रेम मला ठाऊक आहे. तरीही त्यांचं ते म्हणणं शास्त्राला धरून नव्हतं असं आज मला वाटतं.

कारण शास्त्र स्वतःच कल्पित गोष्टींनी भरलेलं आहे. शास्ते या पुस्तकात योथाम डोंगरावर उभा राहून लोकांना गोष्ट सांगतो, तिच्यात झाडं आपल्यासाठी राजा शोधायला निघतात. जैतून नकार देतो, अंजीर नकार देतो, द्राक्षवेल नकार देते. शेवटी काटेरी झुडूप राजा व्हायला तयार होतं. बोलणारी झाडं! आजच्या भाषेत ही अद्भुतकथा. दावीद राजा पाप करून बसला तेव्हा नाथान संदेष्ट्याने त्याच्यापुढे आरोपपत्र वाचलं नाही. एका गरिबाच्या एकुलत्या मेंढीची गोष्ट सांगितली. राजा संतापला, त्या गोष्टीतल्या श्रीमंताला शिक्षा ठोठावून मोकळा झाला, आणि मग त्याला कळलं की तो श्रीमंत आपणच. न घडलेल्या गोष्टीने घडलेलं पाप उघडं केलं.

आणि येशू तर मुख्यतः गोष्टींतूनच बोलला. हरवलेलं मेंढरू, उधळ्या पुत्र, चांगला शोमरोनी. यांतलं कोणीही इतिहासात शोधायचं नाही. मराठी बायबल या गोष्टींना काय म्हणतं ते पाहा: दाखले. तहसील कचेरीत उत्पन्नाचा दाखला मिळतो, शाळा सोडताना दाखला मिळतो. दाखला म्हणजे पुरावा, ज्याच्यावर शिक्का आहे असा कागद. ज्या कुणी भाषांतरकाराने रचलेल्या गोष्टीसाठी हा शब्द पहिल्यांदा निवडला, त्याने नकळत मोठी गोष्ट सांगून टाकली. रचलेली गोष्टसुद्धा पुरावा होऊ शकते.

विदर्भाला हे नवं नाही. चक्रधरस्वामी तेराव्या शतकात याच मुलखात हिंडले आणि दृष्टांत देत बोलले. त्यांच्या पश्चात केशोबासांनी ते दृष्टांत 'दृष्टांतपाठा'त एकत्र केले. आंधळ्यांनी चाचपलेल्या हत्तीची गोष्ट त्यातली. आणि दृष्टांत हाही दुहेरी शब्द. देवी स्वप्नात येऊन काही सांगते तेव्हा कोराडीच्या देवळाच्या पायरीवर बसलेली बाई म्हणते, मला दृष्टांत झाला. समजावण्यासाठी रचलेली गोष्ट आणि झोपेत दिसलेलं सत्य, दोन्हींना एकच नाव. ज्या भाषेत दाखला, दृष्टांत आणि समजा हे शब्द असे आहेत, त्या भाषेत ख्रिस्ती माणसाला कल्पित गोष्टीची भीती वाटायचं कारण नव्हतं.

मराठीत ख्रिस्ती साहित्याची सुरुवात झाली तीसुद्धा गोष्टीच्या भुकेतून. फादर थॉमस स्टीफन्स हा इंग्रज जेझुइट १५७९ मध्ये गोव्यात उतरला आणि उरलेलं सगळं आयुष्य, १६१९ मध्ये मरेपर्यंत, तिकडेच राहिला. साष्टीत त्याचं काम होतं. त्याच्या 'ख्रिस्तपुराणा'च्या आरंभीच एक प्रसंग आहे. नव्याने बाप्तिस्मा घेतलेले लोक धर्मशिक्षणाला जमले आहेत, आणि त्यांच्यातला एक ब्राह्मण पाद्रीला विचारतो: तुम्ही आमची जुनी पुराणं बंद केलीत, मग त्यांच्या जागी दुसरी का रचून देत नाही?

या प्रश्नावर थांबायला हवं. त्यात वेदना आहे. पोर्तुगीज सत्तेखाली देवळं पाडली गेली, ग्रंथ जप्त झाले, आणि माणसं गोष्टींविना उरली. ख्रिस्तपुराणाचं कौतुक करताना हा भाग गाळणं मला अप्रामाणिक वाटतं. ज्या सत्तेने पुराणं हिरावली तिच्याच जहाजातून स्टीफन्स आला होता. पण त्याने प्रश्न ऐकला, आणि उत्तर दिलं ते ओवीत. १०,९६२ ओव्या. मराठीचा त्याला असा काही लळा लागला होता की परक्या माणसाने लिहिलं आहे हे पानोपानी विसरायला होतं. १६१६ मध्ये रायतूर इथे हे पुराण छापलं गेलं, तेही रोमन लिपीत, कारण देवनागरीचे खिळे नव्हते. पुढे १९०७ मध्ये जोसेफ सालढाणांनी मंगळुरात त्याची आवृत्ती काढली आणि १९५६ मध्ये शांताराम बंडेलूंनी ते देवनागरीत आणलं.

आपल्या विषयाच्या दृष्टीने ख्रिस्तपुराणाचा पहिला भाग महत्त्वाचा. तिथे स्टीफन्स जगाच्या उत्पत्तीची आणि देवदूतांच्या बंडाची कथा सांगतो. इंग्रजीत मिल्टनचं 'पॅरडाइज लॉस्ट' यायला अजून अर्धं शतक होतं. स्वर्गातून झालेलं पतन मराठी ओवीत आधी गायलं गेलं, आणि त्यातल्या स्वर्गाचं नाव होतं वैकुंठ. श्रोते मध्येच शंका विचारतात, पाद्री उत्तर देतो. पुराण सांगायची आपली जी रीत, तीच. साष्टीतल्या शेतकऱ्याला परका देव कळावा म्हणून स्टीफन्सने त्याच्याच ओळखीची आकाशं वापरली.

मग ही वाट पुढे का मोडली?

एकोणिसाव्या शतकात छापखाने आले. हरी केशवजी पाठारे यांनी १८४१ मध्ये जॉन बन्यनच्या प्रसिद्ध पुस्तकाचं मराठी रूप 'यात्रिक क्रमण' या नावाने आणलं. बन्यनचा पहिला भाग १६७८ मधला. धर्मासाठी तुरुंगात पडलेल्या एका कल्हईवाल्याला पडलेलं लांबलचक स्वप्न, असं त्याचं रूप. आपल्या शब्दांत दृष्टांतच. निराशेची दलदल, ढोंगी गुणांची माणसं, मृत्यूची नदी. मराठी गद्यात कल्पित प्रवासाचं इतकं मोठं पुस्तक त्याआधी क्वचितच आलं असेल.

पण त्यानंतरचं मराठी ख्रिस्ती गद्य दुसऱ्याच रस्त्याने गेलं, आणि तो रस्ता त्याने फार ताकदीने तुडवला. बाबा पदमनजींची 'यमुनापर्यटन' १८५७ मध्ये आली. मराठीतली पहिली कादंबरी म्हणून तिचं नाव घेतलं जातं. यमुना प्रवासाला निघते आणि ठिकठिकाणी हिंदू विधवांचे हाल पाहते. अद्भुताचा लवलेश नाही. केस कापलेल्या, घरात कोंडलेल्या बायका जशा होत्या तशा. पदमनजींनी खोटा शृंगार टाळला आणि खरं दुःख लिहिलं, हा मराठी कादंबरीवरचा त्यांचा मोठा उपकार आहे. त्यांचं 'अरुणोदय' हे आत्मचरित्रही साक्षच. मग टिळक. नागपुरात राहिलेले ना. वा. टिळक १८९३ मध्ये राजनांदगावला जाणाऱ्या गाडीत बसले, डब्यात एका अनोळखी गोऱ्या प्रवाशाशी बोलणं झालं, त्याने त्यांच्या हाती नवा करार दिला, आणि १८९५ मध्ये टिळकांनी मुंबईत बाप्तिस्मा घेतला. त्या वादळाची कहाणी त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी 'स्मृतिचित्रे'त लिहिली. मराठीतल्या आत्मचरित्रांत त्याच्या तोडीचं दुसरं मी वाचलेलं नाही. तेही साक्ष. टिळकांच्या कल्पनेने झेप घेतली ती पद्यात. त्यांनी हाती घेतलेलं 'ख्रिस्तायन' अपुरं राहिलं आणि लक्ष्मीबाईंनी ते पुढे नेलं.

म्हणून माझं मत असं: मराठी ख्रिस्ती साहित्य साक्षीत श्रीमंत झालं आणि 'समजा'त गरीब राहिलं. फादर फ्रान्सिस दिब्रिटोंच्या 'सुबोध बायबल'ने शास्त्र घराघरांत नेलं, २०२० मध्ये धाराशिवच्या साहित्य संमेलनाचे ते अध्यक्ष होते; मराठीने या परंपरेला परकं मानलेलं नाही. तिकडे १९७४ पासून जयंत नारळीकरांनी विज्ञानकथेला मराठीत मानाचं पान दिलं. योगायोग असा की कोराडीचा पहिला संच सुरू झाला तेही तेच साल. पण या दोन धारा एकमेकींना भेटल्या नाहीत. दूरच्या ग्रहावर कुणी असेल तर त्याच्यासाठी ख्रिस्ताच्या क्रुसाचा अर्थ काय, असं विचारणारी मराठी कथा मला हवी होती, ती मिळाली नाही.

हा प्रश्न मी उगाच काढलेला नाही. इंग्रजीत त्यावर मोठ्या कादंबऱ्या आहेत. सप्टेंबर १९३१ मध्ये ऑक्सफर्डच्या एका कॉलेजच्या आवारात रात्री तिघं मित्र फिरत होते: सी. एस. लुईस, जे. आर. आर. टॉल्किन आणि ह्यूगो डायसन. लुईसचं तोवरचं म्हणणं असं की जुन्या पुराणकथा सुंदर असतात खऱ्या, पण त्यांत सत्य नसतं. टॉल्किनने समजावलं की त्या कथांत सत्याचे कवडसे असतात, आणि ख्रिस्ताच्या बाबतीत पुराणकथा एकदा खरोखर घडली. मरून उठणाऱ्या देवाची गोष्ट जगभर सांगितली जाते, ती एका ठिकाणी, एका सुभेदाराच्या कारकिर्दीत, इतिहासात उतरली. काही दिवसांत लुईस ख्रिस्ताकडे वळला. मला वाचताना दर वेळी हिस्लॉप आठवतो, लिंगोचं गीत उतरवून घेणारा.

पुढे दोघांनी करार केला: लुईसने अंतराळप्रवासावर लिहायचं, टॉल्किनने कालप्रवासावर. टॉल्किनचं लिखाण अर्धवट राहिलं; लुईसचं १९३८ मध्ये पुस्तक झालं. त्यात मंगळावर तीन बुद्धिमान जाती आहेत आणि त्यांच्यातली एकही पापात पडलेली नाही. पतन झालं ते पृथ्वीचं, म्हणून विश्वाच्या संवादात पृथ्वी गप्प आहे. परग्रहावरचे राक्षस पृथ्वीवर चाल करून येतात, ही तेव्हाच्या विज्ञानकथेची ठरलेली चाल. लुईसने ती उलटी केली. तिथले निष्पाप, आणि आक्रमण करणारे आपण. वसाहतींच्या काळात एका ब्रिटिश लेखकाने हे लिहिलं. नार्नियाच्या गोष्टींबद्दलही लुईस म्हणे की त्यांना रूपक म्हणू नका. रूपकात एका गोष्टीच्या जागी दुसरी ठेवलेली असते. आपण विचारलं ते एवढंच की असं एक जग असतं आणि देवपुत्र तिथे आला असता, तर? म्हणजे पुन्हा आपला शब्द. समजा.

मला सगळ्यात अस्वस्थ करणारं पुस्तक मात्र मेरी डोरिया रसेल यांचं 'द स्पॅरो', १९९६ मधलं. दूरच्या ग्रहावरून गाणं ऐकू येतं, आणि सरकारांच्या समित्या बसायच्या आत जेझुइट तिथे पोचतात. नायक एमिलिओ सांडोझ भाषातज्ज्ञ पाद्री. तो तिथली बोली शिकतो, लोकांवर माया करतो. त्याची मंडळी भल्या हेतूने तिथल्या लोकांना बागा लावायला शिकवतात, आणि त्या बागांतूनच संहार घडतो. गोव्यात उतरून मराठी शिकणारा स्टीफन्स आणि त्याच्या पाठीमागची सत्ता, हे ज्याने वाचलं आहे त्याला ही कादंबरी परकी वाटत नाही. आपला इतिहास इतका जड आहे की त्यावर थेट बोलताना जीभ अडखळते. दूरच्या ग्रहावर नेऊन ठेवला की तोच इतिहास नीट दिसतो. नाथानने दावीदाला असंच तर दाखवलं होतं.

आता कोराडीकडे परत येतो, आणि मराठीत वाचायला मिळावी अशी वाटणारी एक गोष्ट सांगतो.

समजा, कोराडीत एक मुलगी आहे. बाप राखेच्या गाड्यांवर कामाला. कोळसा जळला की उरते ती राख, आणि तिचं काय करायचं हा केंद्राच्या रोजच्या कामाचा भाग. मुलीचं घर ख्रिस्ती. राखेच्या बुधवारी ती मिसाला जाते आणि कपाळावर राखेचा क्रूस घेऊन येते. ही राखही पानांचीच: आदल्या वर्षी झावळ्यांच्या रविवारी आशीर्वादित केलेल्या झावळ्या जाळून ती करतात. संध्याकाळी बाप घरी येतो, त्याच्या कपाळावर, भुवयांवर, कानामागे राख. मुलगी दोन्ही राखा पाहते. त्या रात्री तिला दृष्टांत होतो, आणि २५ कोटी वर्षं दगडाखाली दबलेलं जिभेसारखं पान बोलू लागतं. ते विचारतं: मी कुणासाठी उगवलो होतो? तुमच्या दिव्यांसाठी?

ख्रिस्ती माणसाला या प्रश्नाचं उत्तर शास्त्रातच शोधता येतं. उत्पत्तीच्या पहिल्या अध्यायात वनस्पती तिसऱ्या दिवशी येतात आणि माणूस सहाव्या दिवशी. पण देवाला वनस्पती चांगल्या वाटल्या त्या तिसऱ्या दिवशीच. तोडायला, जाळायला, कौतुक करायला माणूस अजून जन्माला यायचा होता. म्हणजे सिलेवाड्याचं ते पान कुणाच्याही उपयोगाचं नसताना देवाला आवडलं होतं. पर्यावरणावरची कितीतरी भाषणं मी ऐकली आहेत. एका पानाच्या तोंडून हे ऐकलं तर कदाचित मनात खोलवर रुजेल. त्या मुलीने सकाळी उठून बापाला काय सांगावं, आणि ज्या कामावर घर चालतं त्या कामाबद्दल बापाने तिला काय उत्तर द्यावं, तिथे गोष्ट खरी अवघड होते. तिथे लेखकाने उपदेशाचा आधार घेऊ नये. बापाला खलनायक करू नये. वीज त्यालाही हवी, दिवा त्या मुलीच्या अभ्यासालाही हवा.

'ज्ञानोदय' १८४२ पासूनचं, 'निरोप्या' १९०३ पासूनचा. या नियतकालिकांनी मराठी ख्रिस्ती साहित्य जोपासलं. अशा नियतकालिकांच्या संपादकांना माझी विनंती आहे की नाताळच्या अंकात साक्षींच्या शेजारी एका कल्पित गोष्टीला जागा द्या, आणि ती गोष्ट पॅलेस्टाइनच्या गोठ्यात न घडता कामठीत, वसईत, अहिल्यानगरात घडू द्या. आणि नागपूरच्या शब्बाथशाळांतल्या शिक्षकांना सांगायचं आहे की मुलांना एकदा सिव्हिल लाइन्समधल्या मध्यवर्ती संग्रहालयात न्या. हिस्लॉप बुडाला त्याच वर्षी, १८६३ मध्ये, ते सुरू झालं. नागपूरकर त्याला अजब बंगला म्हणतात. तिथले जुने दगड मुलांना दाखवा, सिलेवाड्याच्या पानाबद्दल सांगा, लिंगोच्या गुहेबद्दल सांगा, आणि ती कुणाची कथा आहे तेही सांगा. मग वही उघडायला लावा आणि पहिला शब्द तुम्ही लिहून द्या. पुढचं त्यांना लिहू द्या.